निवाडा : एक प्रश्न, अनेक अपिले



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा संस्थेच्या चिटणीसांनी सहजच विचारले, 'सर, संतसाहित्यावर बोलणार ना?' मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाकडून तीच अपेक्षा असते, आणि ती गैरही नाही. परंतु गुरुजींच्या स्मरणार्थ बोलायचे तर मला वेगळाच विषय सुचला. गुरुजी या शाळेचे मुख्याध्यापक होते हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ते कोर्टाचे निकाल वाचत असत, वर्तमानपत्रातील कात्रणे वहीत चिकटवीत असत आणि गावातील कोणाचाही खटला असला तरी त्याची कागदपत्रे संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर बसून स्वतः पाहत असत, हे मात्र आता थोड्यांनाच आठवत असेल. एकच कायदेशीर प्रश्न घेऊन अनेक माणसे वरिष्ठ न्यायालयाच्या दारात उभी राहतात, तेव्हा न्यायालय त्यांचा निकाल कसा लावते, हा गुरुजींच्या कुतूहलाचा विषय होता. आज मी त्यावरच बोलणार आहे. मी वकील नाही. माझा प्रबंध जुन्या मराठी निवाडपत्रांच्या भाषेवर होता. त्या वाटेने मी या विषयापर्यंत आलो एवढाच माझा अधिकार.

'निवाडा' हा शब्द 'निवडणे' या क्रियापदाच्या घरातला आहे. आपल्या आयाबहिणी सुपात धान्य घेऊन निवडत बसतात, खडा वेगळा आणि दाणा वेगळा करतात, तीच ही क्रिया. जुन्या निवाडपत्रांत दोन्ही पक्षांचे म्हणणे, साक्षीदारांची नावे, गोताची संमती हे सारे एकेक करून लिहिलेले असते आणि मग कोणाचे काय ते निवडून दिलेले असते. 'निकाल' हा शब्द प्रकरण हातावेगळे झाल्याचे सांगतो. 'निवाडा' शब्दात वेगळे करण्याची क्रिया आहे. एका निकालपत्राने पंचवीस अपिले संपवता येतात. पंचवीस निवाडे झाले की नाही, हे मात्र वेगळे पाहावे लागते.

आता प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. एखादे अपील उच्च न्यायालयात दाखल झाले आणि त्याच कायद्याचा, त्याच अधिसूचनेचा किंवा त्याच सरकारी आदेशाचा प्रश्न आणखी दहा अपिलांत आहे असे दिसले, की ती सारी प्रकरणे एका दोरीत बांधली जातात. त्यांतील एक प्रमुख मानले जाते. दैनंदिन यादीत त्याचा क्रमांक वर छापतात आणि खाली 'सोबत' म्हणून बाकीच्यांचे क्रमांक येतात. युक्तिवाद मुख्यतः प्रमुख प्रकरणात होतो, वस्तुस्थिती त्यातलीच सांगितली जाते, आणि उरलेले वकील उभे राहून 'आमचेही तेच म्हणणे' असे सांगून बसतात. शेवटी एक सामाईक निकालपत्र होते. मूळ प्रत प्रमुख प्रकरणाच्या फायलीत राहते, बाकीच्या फायलींत नकला जातात. हुकूमनामे मात्र प्रत्येकाचे वेगळे निघतात. हीच प्रकरणे निरनिराळ्या राज्यांच्या उच्च न्यायालयांत विखुरलेली असतील, तर सर्वोच्च न्यायालय ती स्वतःकडे मागवून घेऊ शकते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद १३९-अ त्यासाठीच आहे.

ही पद्धत आवश्यक आहे, यात शंका नाही. एकाच प्रश्नाला दोन न्यायाधीशांनी दोन उत्तरे दिली, तर लोकांचा न्यायावरचा विश्वास उडेल. आपल्या भागाने हे भोगले आहे. १९५६ पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, परंतु हैदराबादचा १९५० चा कूळकायदा तिन्ही तुकड्यांत काही वर्षे तसाच चालू राहिला. कायदा एक, कलमे एक, आणि अपिले मात्र तीन उच्च न्यायालयांकडे. उदगीरचे संरक्षित कूळ मुंबईच्या न्यायालयाकडे पाहू लागले, भालकीचे बंगळुरूकडे आणि पलीकडचे जहीराबादचे हैदराबादकडे. माझे आजोळ उदगीरकडचे. भावकीतल्या दोघांची जमीन सरहद्दीच्या दोन्ही अंगांना, आणि एकाच कलमासाठी दोघांचे वकील दोन राज्यांत, हे मी लहानपणी ऐकलेले आहे.

एकत्र निकालातील अडचण काय असते, हे समजण्यासाठी मात्र आणखी मागे, निजामी अमलातील गुलबर्ग्याला जावे लागेल. 'नरहरी विरुद्ध शंकर' या नावाचा एक खटला आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल १९५० साली दिला, म्हणजे ते न्यायालय स्थापन झाले त्याच वर्षी. जमिनीचा साधा वाद होता. वादींनी काही सर्व्हे नंबरांच्या दोन-तृतीयांश हिश्श्याचा ताबा मागितला होता. प्रतिवादींचे दोन गट होते, प्रत्येक गट एक-तृतीयांशावर हक्क सांगणारा. खालच्या न्यायालयाने वादींच्या बाजूने निकाल दिला. दोन्ही गटांनी वेगवेगळी अपिले केली. गुलबर्ग्याच्या सदर अदालतीने दोन्ही अपिले एकाच निकालपत्राने मंजूर केली, वादींचा दावा फेटाळला, आणि निकालाची एक नक्कल दुसऱ्या अपिलाच्या फायलीत ठेवावी असा आदेश दिला. हुकूमनामे अर्थातच दोन निघाले.

मग वादी हैदराबादच्या उच्च न्यायालयात गेले. त्यांनीही दोन अपिले केली, पण त्यांतील एक मुदतीनंतर दाखल झाले. उच्च न्यायालयाने म्हटले की उशिराचे अपील मुदतबाह्य, म्हणून त्या बाजूचा हुकूमनामा अंतिम झाला. आणि तो अंतिम झाला, म्हणून वेळेत केलेले पहिले अपीलही आता चालणार नाही, कारण तो प्रश्न दुसऱ्या हुकूमनाम्याने कायमचा मिटला आहे. म्हणजे एका पायाला ठेच लागली म्हणून दुसराही पाय बांधून टाकला. जमिनीवर हक्क कोणाचा, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने हे मानले नाही. न्या. नाईक यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा आशय असा, की दावा एक, चौकशी एक, निष्कर्ष एक आणि निर्णय एक असेल, तर हुकूमनामे दोन निघाले म्हणून दोन अपिले करण्याची गरज नाही. पूर्वी निर्णय झाला आहे हा आक्षेप दोन वेगळे दावे असतील तेव्हाच उद्भवतो. प्रकरण गुणवत्तेवर ऐकण्यासाठी उच्च न्यायालयाकडे परत गेले. गुरुजींच्या वहीत या खटल्याचा सारांश त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आहे आणि समासात लिहिले आहे, 'आपल्या गुलबर्ग्याचे'.

येथे थोडे विषयांतर करतो. एकदा निर्णय झालेला वाद पुन्हा उकरता येत नाही, या तत्त्वाला आपल्या धर्मशास्त्रात 'प्राङ्न्याय' असे नाव आहे. प्रतिवादीने द्यावयाच्या उत्तराचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतील हा एक. याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' टीकेत विज्ञानेश्वराने त्याचा विचार केला आहे. हा विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणचा, म्हणजे आपल्या बसवकल्याणचा. १९१६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे बिहारमधील एक खटला आला, तेव्हा सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी हे तत्त्व केवळ इंग्रजी कायद्याचे नाही हे दाखवण्यासाठी विज्ञानेश्वराचा आणि कात्यायनाच्या वचनाचा हवाला दिला. आमच्या मुलांना बसवकल्याणचा किल्ला दाखवतात, तेव्हा ही गोष्ट कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

तर 'नरहरी'मुळे लोकांना वाटले, सामाईक निकालाची भीती संपली. तसे झाले नाही. १९६६ साली 'श्योदान सिंह विरुद्ध दर्याव कुँवर' या खटल्यात वेगवेगळे दावे एकत्र चालवून एकच निकाल दिलेला होता. उच्च न्यायालयात चार अपिले गेली. एक मुदतीत नव्हते म्हणून आणि एक कागदपत्रांच्या छपाईसाठी अर्ज केला नाही म्हणून फेटाळले गेले. आणि सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, या दोन अपिलांचे फेटाळले जाणे हेही अंतिम निर्णयच आहेत, सबब उरलेली दोन अपिलेही चालणार नाहीत. येथे दावे मुळातच वेगळे होते, हा 'नरहरी'हून फरक. कायद्याच्या दृष्टीने हा फरक खरा आहे. परंतु छपाईसाठी अर्ज केला नाही म्हणून हक्काचा विचारच होऊ नये, हे माझ्यासारख्या कायद्याबाहेरच्या माणसाला पचायला जड जाते. वकीलमंडळी यावर हसतील. हसू द्या.

एक प्रश्न आणि उत्तरे निरनिराळी, असेही होऊ शकते, आणि ते चांगल्या अर्थाने होऊ शकते. याचे सर्वांत परिचित उदाहरण आपल्या राज्याचेच आहे. २१ एप्रिल १९८९ रोजी एस. आर. बोम्मई यांचे मंत्रिमंडळ बरखास्त होऊन कर्नाटकात राष्ट्रपती राजवट आली. येथील उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. पुढे हाच प्रश्न नागालँड, मेघालय आणि १९९२ च्या डिसेंबरनंतर मध्य प्रदेश, राजस्थान, हिमाचल प्रदेश येथून आला. मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने तर तेथील उद्घोषणा रद्दच केली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ११ मार्च १९९४ रोजी सर्वांचा निकाल एकत्र दिला. प्रश्न एकच होता, अनुच्छेद ३५६ खालील अधिकाराला मर्यादा कोणत्या. त्याचे उत्तर सर्वांना मिळून दिले. परंतु ते उत्तर प्रत्येक राज्याच्या परिस्थितीला स्वतंत्रपणे लावले गेले : कर्नाटक, नागालँड आणि मेघालय येथील बरखास्ती घटनाबाह्य ठरली, उरलेल्या तीन राज्यांतील वैध ठरली. ज्याची याचिका खाली फेटाळली होती तो जिंकला, ज्याची मान्य झाली होती तो हरला. यालाच मी निवडणे म्हणतो. बोम्मईंना त्यांचे पद काही परत मिळाले नाही, कारण मध्यंतरी निवडणुका होऊन गेल्या होत्या. पण त्यांच्या नावाने देशाला नियम मिळाला.

मोठ्यांच्या प्रकरणांत हे घडते. आता आपल्या शिवारात येऊ.

आमच्या गावाची काळी जमीन एका पाटबंधारे प्रकल्पात गेली. ती गोष्ट १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या काळातील. त्या कायद्याची रीत अशी होती, की सरकारी अधिकारी निवाडा करून दर ठरवी. तो मान्य नसेल तर पैसे घेताना 'हरकत राखून' असे लिहावे लागे आणि मुदतीत अर्ज करून प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवून घ्यावे लागे. ज्याने मुकाट्याने सही केली, त्याचा मार्ग बंद. गुरुजींनी मुकाट्याने सही केली. त्या दिवशी शाळेची वार्षिक तपासणी होती आणि त्यांना परत यायची घाई होती, असे ते स्वतः सांगत. त्यांच्या बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याने मात्र, शिक्षण चौथीपर्यंत असूनही, अंगठ्याशेजारी हरकत लिहून घेतली. तो न्यायालयात गेला आणि काही वर्षांनी त्याला वाढीव दर मिळाला. मधला बांध तेवढा दोघांचा सामाईक, माती तीच, पीकही तेच.

कायदा करणाऱ्यांच्या हे लक्षात आले होते. १९८४ साली त्या कायद्यात कलम २८-अ घातले गेले. एकाच अधिसूचनेखाली गेलेल्या जमिनींपैकी एकाला न्यायालयाने वाढ दिली, तर न्यायालयात न गेलेल्या इतरांनीही त्या निवाड्यापासून तीन महिन्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज केल्यास त्यांना त्याच आधारावर वाढ मिळावी, अशी तरतूद झाली. गरीब, अडाणी, न्यायालयाची पायरी न चढलेल्या माणसासाठी इतके सहृदय कलम आपल्या कायद्यात थोडेच असेल. पण तीन महिने! ज्याला कोर्टकचेरी ठाऊक नाही, त्याला शेजाऱ्याच्या खटल्याचा निकाल कोणत्या तारखेला लागला हे कोण सांगणार?

आमच्या गावात ते गुरुजींनी सांगितले. शेजाऱ्याच्या निकालाची नक्कल त्यांनी स्वतः आणवली, आणि शाळा सुटल्यावर ओसरीवर सतरंजी घालून अर्ज लिहायला बसले. मी तेव्हा बाहेरगावी महाविद्यालयात शिकवीत होतो आणि दिवाळीच्या सुटीत आलो होतो. कार्बन कागद घालून प्रती काढण्याचे काम माझ्याकडे होते. अकरा अर्ज झाले. काही मराठीत सांगितलेले, काही कन्नडमध्ये, दोन दख्खनीत. लिहिले सारे कन्नडमध्ये, कारण कचेरीची भाषा ती. गुरुजींचे कन्नड माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होते. एक बारावा माणूस होता. तो कुटुंबासह ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेला होता. त्याला पत्र टाकले. ते मिळाले की नाही कोण जाणे. तो परतला तेव्हा तीन महिने होऊन तीन आठवडे लोटले होते.

गोष्ट येथेही संपली नाही. अकरा जणांना वाढ मिळाली. पुढे हरकत लिहिणाऱ्या शेजाऱ्याने बंगळुरूच्या उच्च न्यायालयात अपील केले. त्याच गावची आणखी काही अपिले त्याला जोडली गेली आणि सामाईक निकालाने दर आणखी वाढला. गुरुजी पुन्हा कागद घेऊन बसले. पण कलम २८-अ मधील 'न्यायालय' म्हणजे जिल्ह्याचे दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालय नव्हे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला होता. त्यामुळे उच्च न्यायालयाची वाढ ज्यांनी अपील केले त्यांनाच. अलीकडच्या निकालांनी तो अर्थ बराच सैल केला आहे, २०१७ साली तर सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की एखाद्याने अपिलात कमी रक्कम मागितली असली तरी त्याला शेजाऱ्याइतका दर देता येतो. पण आमच्या गावाच्या वेळी एका शिवाराला तीन दर झाले. अपील करणाऱ्याचा एक, अर्ज करणाऱ्यांचा दुसरा, आणि ऊसतोडीला गेलेल्याचा तिसरा. कायद्याचा प्रश्न तिघांचाही एकच होता : त्या मातीची किंमत काय?

त्या काळी बिदरच्या माणसाला उच्च न्यायालय सुमारे सातशे किलोमीटर दूर होते. २००८ च्या जुलैत गुलबर्ग्याला फिरते खंडपीठ आले आणि २०१३ साली ते कायम झाले. पुढल्याच वर्षी शहराचे नाव अधिकृतपणे कलबुर्गी झाले. आता सकाळच्या बसने जाऊन आपल्या अपिलाचा क्रमांक कोणाच्या 'सोबत' लागला आहे ते पाहून संध्याकाळी परत येता येते. ही लहान सुधारणा नव्हे. आपल्या अपिलाची सुनावणी कोणत्या प्रकरणाबरोबर होते आहे हेच ज्याला कळत नाही, तो आपले वेगळेपण कोणाला आणि कधी सांगणार?

आता ज्या प्रकरणाशी या शाळेचा संबंध आहे तिकडे वळतो. ते बोलण्यापूर्वी मी थोडा थबकलो होतो, कारण सरहद्दीवर भाषेविषयी बोलले की ऐकणारा आधी तुम्ही कोणाच्या बाजूचे ते ठरवतो. माझी बाजू एवढीच, की मी या शाळेत मराठीतून शिकलो आणि कन्नड शेजाऱ्यांत वाढलो.

गोकाक समितीच्या अहवालानंतर १९८२ साली राज्य सरकारने माध्यमिक शाळांत कन्नड ही एकमेव प्रथम भाषा करण्याचा आदेश काढला. त्याला जे आव्हान दिले गेले, त्यातील प्रमुख याचिका भाषिक अल्पसंख्याक संरक्षण समितीची होती. १९८९ साली उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अल्पसंख्याकांवरील ती सक्ती रद्द केली. सरकारने आदेश सुधारला आणि १९९३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो सुधारित आदेश मान्य केला. मग २९ एप्रिल १९९४ चा आदेश आला : पहिली ते चौथी शिक्षणाचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असावे. आमच्या शाळेला त्याचे काही दुःख नव्हते, उलट समाधानच होते. मराठी मुलाने मराठीत शिकावे असेच तो आदेश म्हणत होता. दुःख होते ते इंग्रजी माध्यमाच्या शाळाचालकांना. ते न्यायालयात गेले. २ जुलै २००८ रोजी पूर्णपीठाने तो आदेश विनाअनुदानित शाळांपुरता रद्द केला, आणि राज्य सरकार अपिलात गेले.

६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. त्या निकालपत्राच्या मथळ्यावर २०१३ ची दिवाणी अपिले क्रमांक ५१६६ ते ५१९० आहेत, म्हणजे एका ओळीतच पंचवीस, आणि त्यांखाली आणखी काही. न्या. पटनाईक यांनी लिहिलेल्या त्या निकालात पाच प्रश्नांची उत्तरे आहेत. मातृभाषा कोणती ते पालकाने ठरवायचे. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. मातृभाषेची सक्ती मूलभूत हक्कांना बाधा आणते. आणि पाचवा प्रश्न आपला, भाषिक अल्पसंख्याकांचा : अनुच्छेद ३५०-अ च्या आधारे सरकार अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतूनच शिका अशी सक्ती करू शकते काय? उत्तर, नाही.

हा निकाल मी तीनदा वाचला. विचारलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून त्यात मला दोष दिसत नाही. मुलाने कोणत्या भाषेत शिकावे हे सरकारने ठरवू नये, हे मला मान्य आहे. खोटे कशाला बोलू, माझे नातू पुण्यात इंग्रजी शाळेत जातात आणि तो निर्णय माझ्या मुलाने मला न विचारता घेतला. परंतु माझे म्हणणे वेगळे आहे. १९८९ मध्ये प्रमुख प्रकरण अल्पसंख्याकांचे होते, म्हणून न्यायालयासमोर जो माणूस उभा होता तो आपल्यासारखा होता. २०१४ मध्ये प्रमुख प्रकरण इंग्रजी शाळांच्या संघटनेचे होते, म्हणून प्रश्नही त्यांच्या तोंडचा आला : सक्ती करता येते काय? अनुच्छेद ३५०-अ १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने घटनेत आला तो सक्तीसाठी नव्हे. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा सरहद्दीच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्या मुलांना मातृभाषेत शिकण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, म्हणून तो आला. औराद, भालकी, आळंद येथील मराठी शाळेने न्यायालयात जाऊन काही विचारले असते, तर 'आमच्या मुलांवर सक्ती करता येते का' असे विचारले नसते. निवृत्त झालेल्या मराठी शिक्षकाच्या जागी दुसरा कधी देणार, मराठी पाठ्यपुस्तके जूनमध्ये मिळणार की दिवाळीनंतर, हे विचारले असते. तो प्रश्न त्या पंचवीस अपिलांत नव्हता. म्हणून त्याचे उत्तरही नाही.

आणि तरीही लोकांनी समजून काय घेतले? मराठी शाळेचा निकाल दिल्लीत लागला, असे आमच्याच एका पालकाने मला सांगितले. त्याने निकाल वाचला नव्हता, त्याने पहिलीचा वर्ग पाहिला होता. माझ्या वेळी येथे पहिलीच्या दोन तुकड्या होत्या आणि हजेरी घेता घेता पहिला तास संपे. आज मी येताना पहिलीच्या वर्गात डोकावलो. सर्व मुले एका सतरंजीवर बसली होती आणि सतरंजीची एक बाजू मोकळी होती. वर्गावरच्या बाई आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या शाळेचाही वर्ग सांभाळतात, असे कळले. या शाळेची ही तक्रार कोणत्याही न्यायालयाच्या यादीत, कोणाच्याही 'सोबत' लागलेली नाही. ती लावायची असेल तर स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या वस्तुस्थितीनिशी लावावी लागेल. दुसऱ्याच्या अपिलाला चिकटून चालणार नाही, एवढे मी गुरुजींच्या वहीवरून सांगू शकतो. माजी विद्यार्थ्यांत आज चार वकील समोर बसले आहेत. मी त्यांची नावे घेत नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिले म्हणजे पुरे.

ती वही मी सोबत आणली आहे. गुरुजींच्या घरच्यांनी ती काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दिली होती, आणि त्यांच्याच संमतीने आज मी ती शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. 'नरहरी विरुद्ध शंकर' विसाव्या पानावर आहे. अकरा अर्जांच्या कार्बन प्रती शेवटी टाचलेल्या आहेत, माझ्या हातच्या, दोन-तीन ठिकाणी खाडाखोड झालेल्या. त्यांच्या मागे बारावा कागद आहे. त्यावर गुरुजींनी अर्जाचा सर्व मजकूर लिहून ठेवलेला आहे, गट नंबर घातला आहे, क्षेत्र घातले आहे, शेजाऱ्याच्या निकालाची तारीख घातली आहे. खाली सहीची जागा रिकामी आहे.